धुतलेल्या मातीचा कोबा

असं समजा, की तुमच्या घरामागे एक डोंगर आहे. डोळे मिटून समजलात तर उत्तम, पण मग पुढचं वाचणार कसं, म्हणून उघडेच ठेवा. या डोंगरावर झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडीसुद्धा नाही. माथा सपाट, कुणी फळकुटाने चोपून ठेवल्यासारखा. रंग राखेचा, पण ऊन पडलं की चमकतो. पायथ्याशी जाऊन मूठभर माती उचललीत तर हाताला काय लागेल? खडा नाही, वाळू नाही. पीठ. दोनदा चाळल्यासारखं मऊ, बोटांच्या रेषांत जाऊन बसणारं पीठ.

असले डोंगर आपोआप उगवत नाहीत. ते माणसं रचतात. एका अंगठीपुरतं सोनं हवं असेल, तर जमिनीच्या पोटातून ट्रकच्या ट्रक दगड वर काढावा लागतो आणि दळावा लागतो. अंगठी कुणाच्या तरी बोटात जाते. दळलेला दगड तिथंच राहतो. या गावातून साठ वर्षं अंगठ्या गेल्या आणि साठ वर्षांचं पीठ मागे उरलं. मग खाण बंद पडली. साहेब लोक निघून गेले, गिरणीची यंत्रं भंगारात गेली, खिडक्यांच्या काचासुद्धा कुणी काढून नेल्या. डोंगर मात्र कुणी नेला नाही.

आता वारा सुटलाय असं समजा. डोंगराच्या कडेवरून एक पांढुरकी चादर उठते, हवेत थोडी रेंगाळते आणि सावकाश तुमच्या दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या पिंपावर, उंबऱ्यावर येऊन बसते. वर्षातले चार महिने हे रोज चालतं. तुम्ही काय कराल? दारं लावाल, ओरडाल, सामान बांधून निघून जाल. पण तुमचा जन्मच तिथं झाला असेल, तर तुम्ही यातलं काहीच करणार नाही. कपडे झटकाल आणि आत आणाल.

भिंगरीच्या घरात हेच चालायचं. भिंगरी अकरा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं, बाकी सगळ्यांना ती भिंगरीच, कारण एका जागी बसलेलं तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिचं घर डोंगराखालच्या पहिल्या रांगेत. घरात आई, आजोबा आणि साडेतीन वर्षांचा भाऊ ढब्या. बाबा लांबच्या शहरात रस्त्यांच्या कामावर होते आणि दोन महिन्यांतून आठवडाभर यायचे. त्या आठवड्यात ते नुसते झोपायचे.

या वस्तीत एक पद्धत होती. घराची जमीन करायची तर डोंगरातलं पीठ आणायचं, त्यात सिमेंट कालवायचं आणि कोबा घालायचा. पिठाला तिथं पीठ म्हणत नसत. त्याला म्हणायचे 'धुतलेली'. नदीची वाळू कुणी सुचवली तर लोक नाक मुरडायचे. तिच्यात शंख, शेवाळ, कुठली कुठली घाण. आपली माती सोळा टाक्यांतून धुऊन निघालेली, तिच्याइतकं स्वच्छ जगात काही नाही, असं सगळी वस्ती मानायची. भिंतींचा गिलावा धुतलेलीचा. अंगण धुतलेलीचं. आया भांडीसुद्धा धुतलेलीनेच घासायच्या, आणि पातेल्याला जी लकाकी यायची तिला खरोखर तोड नव्हती.

कोबा घालण्यात आजोबांचा हात धरणारा कुणी नव्हता. तीस वर्षं ते गिरणीत धुलाईच्या टाक्यांवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी थापी हातात घेतली. दोन घमेली धुतलेली, एक घमेलं सिमेंट, पाणी डोळ्यांच्या अंदाजाने. थापायचं, ओढायचं आणि मग गुळगुळीत गोट्याने चार दिवस घोटत बसायचं. कोबा असा व्हायचा, की वाकून पाहिलं तर आपलं तोंड दिसावं. वस्तीतल्या एकेचाळीस घरांत त्यांच्या हातचा कोबा होता, आणि त्याचे त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नव्हते. वर्षभरात कोबा पायांनी थोडा झिजायचा, त्याची भुकटी निघायची, म्हणून दर वर्षी त्यावर पुन्हा पातळ हात फिरवायचा. लोक त्यांना कोबेवाले आजोबा म्हणायचे. शेजारची शिवणकाम करणारी काकू तर म्हणायची, की यांना स्वर्गात नेलं तर हे आधी तिथली जमीन हाताने चाचपून बघतील आणि म्हणतील, कुणी केलंय हे काम?

ढब्याचं नाव पडलं तेव्हा तो खराखुरा ढब्या होता. गालांमुळे डोळे दिसायचे नाहीत. गेल्या वर्षापासून तो उतरत चालला होता. दिवसभर कोब्यावर पालथा पडून खेळायचा, बोटं तोंडात घालायचा, कंटाळला की जमीन चाटायचासुद्धा. सगळीच पोरं चाटतात, असं आई म्हणायची. मग एकाएकी गुडघे पोटाशी घेऊन रडायला लागायचा. घास पुढे केला की मान फिरवायचा. पायात जोर नसल्यासारखा चालायचा आणि मधेच बसायचा.

आईने त्याला आरोग्य केंद्रात तीनदा नेलं. डॉक्टरांनी तिन्ही वेळा जंताचं औषध दिलं. तिसऱ्या वेळी आई चाचरत म्हणाली, की पण जंत पडलेले कधी दिसले नाहीत. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "मेले असतील." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या दिवशी भिंगरी आईबरोबर होती. बाहेरच्या टेबलापाशी आई रजिस्टरमध्ये सही करायला वाकली, तेव्हा नर्सताईने तिचा हात धरला. नर्सताई चार महिन्यांपूर्वीच बदलून आली होती. तिने आईचा तळवा उजेडात उलटा केला. तळव्यावर मोहरीएवढे कडक दाणे होते, पुष्कळ.

"हे कधीपासून?"

आई म्हणाली, भांडी घासून घासून झालेत. नर्सताईने विचारलं, कशाने घासता. आईने सांगितलं. नर्सताई उठून दार लोटून आली.

तिने जे सांगितलं ते भिंगरीने घरी येईपर्यंत मनात दहा वेळा घोकलं. त्या डोंगरात आर्सेनिक असू शकतं, जुन्या लोकांना सोमल म्हटलं की कळतं. ते रोज थोडं थोडं पोटात गेलं तर लगेच काही होत नाही, म्हणूनच ते वाईट. लहान पोरांच्या पोटात लवकर जातं, कारण ती जमिनीजवळ राहतात. ढब्याची लघवी मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला हवी, मग औषध नक्की करता येईल. तपासणी फुकट होती. पण ती फक्त यादीतल्या घरांतल्या माणसांची व्हायची. यादीत घर कधी येणार, तर धुळीच्या मोजणीचे लोक येऊन घरातला नमुना घेतील आणि त्यात दोष निघेल तेव्हा. नमुना कधी घेणार, तर घरमालकाने अर्जावर सही केली तर. मोजणीवाले वर्षातून दोनदा यायचे आणि पुढच्याच आठवड्यात यायचे होते.

"तोवर जमीन कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि शक्यतो पोराला जमिनीवर ठेवू नका," नर्सताई म्हणाली.

"मग कुठं ठेवू?" आईने विचारलं. "खुंटीला टांगू?"

ती चिडून बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. नर्सताईने टेबलाचा खण उघडला. तिने अर्जाचा कागद काढून दिला.

घरमालक म्हणजे आजोबा.

आईने सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता. तिने जेवण झाल्यावर, त्यांची तंद्री बघून, हळूच विषय काढला. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अर्ज हातभर लांब धरून वाचला. एका रकान्यात लिहिलं होतं, 'जमिनीसाठी वापरलेले साहित्य', आणि त्याच्याखाली, 'काम कोणी केले'.

"म्हणजे मी माझ्या हाताने लिहून देऊ, की मी नातवाला विष घातलं?"

आई म्हणाली, तसं नाही मामंजी, नुसता नमुना. आजोबा म्हणाले, की तीस वर्षं ते त्या मातीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते आणि आज त्र्याहत्तरीत दोन मैल चालतात. कालची पोर येऊन हात बघते आणि घाबरवून सोडते. पोराला कडू औषध नको असतं म्हणून तो रडतो. त्यांनी अर्जाची घडी करून ती खाटेच्या गादीखाली ठेवली आणि वरून पाठ टेकली. विषय संपला.

भिंगरीला तो कागद गादीखाली आहे हे डोळ्यांना दिसत होतं, आणि त्यावर दोन बोटं लांबीची सही होत नव्हती. तिने सगळे उपाय केले. आजोबांशी अबोला धरला. आजोबांना तो दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आला आणि ते म्हणाले, आज घर किती निवांत आहे. तिने त्यांचा चष्मा लपवला. ते बिनचष्म्याने बसून राहिले आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटले, की नात आता मोठी झाली, म्हाताऱ्याला छळायला लागली. तिने पुस्तकातला धडा मोठ्याने वाचून दाखवला, ज्यात हवा, पाणी आणि जमीन यांचं प्रदूषण आकृतीसह दिलं होतं. आजोबांनी आकृती पाहिली आणि धुराडं चुकीचं काढलंय असं सांगितलं. धुराडं खरंच चुकीचं होतं.

शेवटी तिने बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, आजोबांशी मी बोलतो. मग म्हणाले, आल्यावर बोलतो. मग तिकडून कुणी तरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

भिंगरी आईला म्हणाली, "तूच कर ना सही. कोण बघतंय?"

"घर त्यांचं आहे."

"आणि ढब्या कुणाचा आहे?"

आईने तिच्याकडे असं पाहिलं, की भिंगरीने पुढचं वाक्य गिळलं. पण रात्री आई परातीत पाणी घेऊन तेवढीच जमीन पुन्हा पुन्हा पुसत होती. फडकं पिळलं की पाणी राखाडी व्हायचं. पाणी बदललं, तरी राखाडीच.

मोजणीवाले यायच्या आदल्या दिवशीपर्यंत वारा नुसता पिसाटला होता. ते येणार त्या दिवशी सकाळी मात्र पाण्याचे चार टँकर आले. घरघर करत डोंगराभोवती फिरले आणि नळ्यांनी सगळा उतार भिजवून गेले. असं ते वर्षातून दोनदा यायचे. का यायचे, हे भिंगरीला आजवर कळलं नव्हतं, कारण तिने दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. टँकर वळणाआड गेले आणि तासाभराने मोजणीची पांढरी गाडी आली.

गाडीतून एक साहेब उतरले आणि त्यांचा मदतनीस. आरोग्य केंद्रासमोरच्या मैदानात त्यांनी तीन पायांचं यंत्र उभं केलं. यंत्र मंद आवाज करत हवा ओढू लागलं. डोंगर ओल्या कणकेसारखा गप्प बसला होता. धुळीचा एक कण उडत नव्हता. दुपारी साहेबांनी आकडा वाचला आणि मदतनिसाने लिहून घेतला. मर्यादेच्या आत.

शाळा सुटल्यावर भिंगरी थेट तिथं गेली होती. तिने आकडा ऐकला.

"साहेब, आज डोंगर भिजवलाय. काल का नाही मोजलं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला यंत्राच्या काचेतून डोकावू दिलं. मग समजावलं, की बाळ, आम्हाला दिलेल्या तारखेला, दिलेल्या जागी मोजायचं असतं. आपल्या मनाने तारीख बदलली तर प्रत्येक वेळचा आकडा वेगळा येईल.

"पण वेगळाच आहे तो," भिंगरी म्हणाली.

मदतनीस हसला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, की घरातला नमुना घ्यायचा असेल तर अर्ज आण, घरमालकाच्या सहीचा. उद्या सकाळी दहापर्यंत आम्ही आहोत. नंतर सहा महिन्यांनी.

भिंगरी घरी आली तेव्हा ऊन कलत होतं आणि ढब्याला पुन्हा कळ आली होती. आई अंगणात घाईने कपडे काढत होती. आजोबांनी ढब्याला मांडीवर घेतलं होतं. पोर रडायला लागलं की त्याला गुंगवायची त्यांची एक गोष्ट ठरलेली होती, ती म्हणजे गिरणीची. राजा नाही, राक्षस नाही, नुसती गिरणी. भिंगरीने ती ढब्याएवढी असल्यापासून ऐकली होती.

"दगड यायचा केवढा? तुझ्या डोक्याएवढा. यंत्राच्या जबड्यात टाकला की कडाड. मग मोठी दंडगोल गिरणी, तिच्यात लोखंडी गोळे. दगडाचं पीठ. मग पीठ भट्टीत भाजायचं. मग टाक्या. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, सोळा टाक्या. औषधाचं पाणी सोडलं, की सोनं त्यात विरघळायचं, साखर विरघळते तसं. पाणी सोनं घेऊन चाललं पुढे आणि मागे राहिली धुतलेली."

ढब्या हुंदके देत ऐकत होता. भिंगरी दप्तर न काढताच उंबऱ्यावर बसली होती. ती भांडायला आली होती, पण दमली होती. तिने सहज विचारलं, भाजायचं कशाला?

या प्रश्नाने आजोबा खूश झाले. इतक्या वर्षांत हा कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, दगडात सोन्याला धरून बसलेलं असायचं एक. भाजल्याशिवाय ते सोन्याला सोडायचंच नाही. धूर निघायचा तो लसणीच्या वासाचा. मुकादम ओरडायचा, तोंडाला फडकी बांधा. भट्टीवर कुणी दोन वर्षांहून जास्त टिकायचं नाही, म्हणून ते स्वतः खटपट करून टाक्यांवर बदली घेऊन आले होते.

"त्याला काय म्हणायचे?"

"सोमल," आजोबा म्हणाले. नर्सताईचा शब्द त्यांच्याच तोंडून आला होता. ते लगेच म्हणाले, "पण तो जळायचा. धुराड्यातून जायचा."

"सगळा?"

"बराचसा. उरलेला पिठातच राहायचा. धुराड्यात राख साठायची, तीसुद्धा साफ करून डोंगरावरच टाकायची."

"मग टाक्यांत धुतला जायचा का तो?"

"नाही, नाही. ते पाणी सोन्यापुरतं. भारी कामाचं पाणी बघ. दुसऱ्या कशाला हात म्हणून लावायचं नाही. सोनं तेवढं उचलायचं आणि बाकी सगळं जसंच्या तसं..."

हे वाक्य त्यांनी शंभर वेळा म्हटलं असेल, दर वेळी ऐटीत, टाक्यांचं कौतुक म्हणून. आज ते अर्ध्यावर थांबले. भिंगरीला वाटलं, आता बोललं तर सगळं उधळेल.

आजोबा अगदी हळू म्हणाले, "आम्ही सोनं धुतलं. माती नाही धुतली."

आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. कोब्यावर टेकलेले दोन्ही पाय उचलून खाटेवर घेतले, जमीन तापल्यासारखे. ढब्याला मांडीवरून खाटेच्या मधोमध बसवलं. गादीखालून अर्ज काढला आणि भिंगरीकडे पेन मागितलं.

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. मग कागद उलटून ते पाठीमागे काहीतरी लिहीत बसले. भिंगरीने डोकावायचा प्रयत्न केला तर त्यांनी हाताने झाकलं. मधेच थांबायचे, छताकडे बघायचे, बोटांवर काहीतरी मोजायचे, पुन्हा लिहायचे. दिवेलागण झाली तरी लिहीतच होते. आईने दोनदा जेवायला हाक मारली. नंतर तीही नुसती दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी अर्ज घेऊन धावत गेली आणि साहेबांना घेऊनच आली. साहेबांनी हातमोजे चढवले, छोटी सुरी काढली आणि खोलीच्या मधोमध चवड्यांवर बसले. आजोबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी दाराजवळचा, ढब्या दिवसभर लोळायचा तो कोपरा दाखवला.

"इथलं घ्या साहेब. इथं रोज झिजतं. भुकटी इथं निघते. मधे काय, मधे कुणी पाय ठेवत नाही."

साहेब म्हणाले, नियम खोलीच्या मध्याचा आहे. त्यांनी मधला चिमूटभर भाग खरवडून पिशवीत घातला, पिशवीवर आकडा लिहिला आणि उठले. तेव्हा आजोबांनी अर्ज त्यांच्या हातात उलटा करून ठेवला. पाठीमागे बारीक अक्षरांत एकेचाळीस घरं लिहिली होती. कुणाचं घर, कोब्याला किती वर्षं झाली, माती डोंगराच्या कुठल्या अंगाची, भट्टीची राख पडायची त्या बाजूची की दुसऱ्या, आणि घरात लहान मुलं किती. खाली लिहिलं होतं, 'ही सर्व कामे मी केली आहेत.' खाली पुन्हा सही.

साहेबांनी यादी वाचली, शेवटपर्यंत वाचली. मग ते अवघडून म्हणाले, "आजोबा, मागची बाजू स्कॅन होत नाही."

आजोबांना कळलं नाही. साहेबांनी हातातल्या छोट्या मशीनवर पुढची बाजू स्कॅन केली, कागद परत दिला आणि समजावलं. एका अर्जावर एक घर. मशीन फक्त पुढची बाजू घेतं, मागचं कुणाला दिसणारच नाही. एकेचाळीस घरांसाठी एकेचाळीस अर्ज लागतील, ज्याच्या त्याच्या सहीचे. या फेरीचे अर्ज आज दहा वाजता बंद.

"तर मग पुढच्या बाजूला लिहून देतो."

"पुढे जागा नाही आजोबा."

आईने विचारलं, की आमचा निकाल कधी. साहेब म्हणाले, साधारण तीन महिने. दोष निघाला तर घर यादीत, यादीत आलं की मुलाची तपासणी.

"तोवर?"

"तोवर जमिनीला हात लावू नका. फोडू नका, वर काही थापू नका. फेरतपासणी लागली तर जागा जशीच्या तशी हवी."

"जशीच्या तशी," आई म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज फाटला. साहेब काहीतरी सांगणार होते, पण घड्याळात बघून निघून गेले. पांढरी गाडी वळणाआड गेली. उन्हाने डोंगर वाळत आला होता आणि वरच्या कडेला पहिली पांढुरकी रेघ उठली होती. आजोबा खाटेवर बसले, तो कागद हातात, उलटा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच सगळं खरं लिहून दिलं होतं आणि ते चुकीच्या बाजूला होतं. ढब्या खाटेवरून उतरू बघत होता. तीन महिने साडेतीन वर्षांचं पोर खाटेवर कोण ठेवणार? आईने त्याला उचललं, त्याने अंग टाकलं, ती त्याला पुन्हा उचलायला वाकली आणि तशीच वाकून राहिली.

भिंगरी अंगात शाळेचा गणवेश घालून उभी होती. शाळेची घंटा झाली होती. दप्तर तिने दाराशी ठेवलं. ढब्याला कडेवर घेतलं. तो आता इतका हलका होता, की त्याचं काहीच वाटलं नाही. आईने हाक मारली, कुठं निघालीस, तर ती म्हणाली, "येते." आणि ती तरातरा गल्ली ओलांडून आरोग्य केंद्राकडे चालू लागली.

डॉक्टर अजून आले नव्हते. त्यांच्या खोलीत पांढऱ्या चकचकीत फरश्या होत्या आणि त्या नुकत्याच पुसलेल्या होत्या. भिंगरीने आधी आपले पाय पायपुसण्यावर खसाखसा घासले, ढब्याचे तळवे आणि हात नळाखाली धुतले आणि त्याला टेबल आणि दार यांच्या बरोबर मधे फरशीवर ठेवलं. गार लागलं तसा तो खुदकन हसला आणि पालथा पडला. नर्सताई दारातून बघत होती. तिने आतून रबरी हातमोजा आणला, फुगवून त्याला गाठ मारली आणि तो पाच बोटांचा फुगा ढब्यापुढे सोडून दिला.

डॉक्टर आले ते दारातच थांबले, कारण आत जायला वाट नव्हती. हे काय चाललंय, असं त्यांनी नर्सताईला विचारलं. उत्तर भिंगरीने दिलं. तिने सांगितलं, की आमच्या घरच्या जमिनीचा निकाल यायला तीन महिने आहेत आणि तोवर ढब्या रोज इथं खेळेल. दुपारपर्यंत आई त्याच्याजवळ बसेल, शाळा सुटली की मी येईन. दवाखाना बंद झाला की घरी नेतील आणि खाटेवर झोपवतील.

"इथं? ही काय खेळायची जागा आहे?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "पण गावात स्वच्छ जमीन एवढीच आहे."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. ढब्या फुग्याचं एक बोट तोंडात धरून त्यांच्याकडे टकामका बघत होता. किती तरी दिवसांनी ते त्याच्याकडे बघत असावेत, कारण त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुन्हा पाहिलं. मग ते एक पाय उचलून त्याला ओलांडू लागले.

भिंगरीने हात आडवा धरला.

"बूट बाहेर काढा," ती म्हणाली. "धूळ लागलीय त्यांना."